शनिवारपासून सुरू होणारा आठवडा : गूढ ख्रिस्ती विश्वरचना पहिल्यांदा वाचणाऱ्यांसाठी

मॅक्स हाइंडेलचा 'द रोझिक्रुशियन कॉस्मो-कन्सेप्शन' हा गूढ ख्रिस्ती विश्वरचना सांगणारा ग्रंथ पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा मी एक वही केली. पानावर उभी रेघ मारली. डावीकडे त्याचे शब्द, उजवीकडे आपले. स्थूल देह म्हणजे अन्नमय कोश, प्राणदेह म्हणजे प्राणमय, वासनादेह म्हणजे मनोमय. थोडं ओढूनताणून, पण बसत होतं. दीडशे पानांत वही भरली आणि वाटलं, झालं की! हे तर आपलंच, फक्त कोट-टाय घालून आलंय. वर्षभराने एका मित्राने साधा प्रश्न विचारला, "मग यात ख्रिस्त कशाला लागतो?" मला उत्तर देता येईना. सहाशेच्या वर पानांच्या ग्रंथातला मधला खांबच मी पाहिला नव्हता, कारण माझ्या उजव्या रकान्यात त्याच्यासाठी शब्दच नव्हता.

या विषयात मराठी वाचकाला अनोळखी शब्दांपेक्षा ओळखीचे शब्द जास्त दगा देतात. म्हणून खालच्या पायऱ्या सांगतोय. मी चढलो त्या क्रमाने नाहीत. चढायला हव्या होत्या त्या क्रमाने आहेत.

पायरी पहिली : एकच वाट धरा

"गूढ ख्रिस्ती शिकवण" नावाचा एकसंध पंथ कुठेच नाही. तिसऱ्या शतकातला अलेक्झांड्रियाचा ओरिजेन यात येतो. गर्लिट्झ गावात जोडे शिवणारा याकोब ब्योमे (१५७५–१६२४) येतो. कथिलाच्या ताटलीवर पडलेली उन्हाची तिरीप पाहता पाहता त्याला सृष्टीचं रहस्य उलगडलं, अशी आख्यायिका आहे. जर्मनीत १६१४ ते १६१६ या तीन वर्षांत छापले गेलेले गुलाब-क्रूस (इंग्रजीत रोझिक्रुशियन) नावाच्या गुप्त बंधुसंघाचे जाहीरनामे येतात. विसाव्या शतकात ॲनी बेझंट, ऑस्ट्रियाचा गूढवादी रुडॉल्फ स्टायनर आणि हाइंडेल येतात. सगळे एकदम वाचायला घेतले तर डोक्यात खिचडी शिजते, आणि तीही करपलेली.

नवख्याने हाइंडेलपासून सुरुवात करावी, असं माझं मत आहे. तो मोठा लेखक होता म्हणून नव्हे. तो इंजिनिअर होता म्हणून. १८६५ साली डेन्मार्कमधल्या आर्हुसला जन्मला, सोळाव्या वर्षी घर सोडलं, ग्लासगोला गेला, पुढे जहाजांवर इंजिनिअर म्हणून फिरला. त्यामुळे विश्वाची उत्पत्ती सांगतानाही तो तक्ते काढतो, मजले मोजतो आणि कुठला भाग कुठे जोडला आहे ते दाखवतो. लॉस एंजेलिसला थिऑसॉफिकल सोसायटीत, म्हणजे सगळ्या धर्मांमागचं गूढ ज्ञान शोधणाऱ्या संस्थेत, काम केलं, १९०७ मध्ये जर्मनीला जाऊन स्टायनरची व्याख्यानं ऐकली, आणि नोव्हेंबर १९०९ मध्ये 'द रोझिक्रुशियन कॉस्मो-कन्सेप्शन' छापलं. आपल्याला हे ज्ञान गुलाब-क्रूस बंधुसंघातल्या एका ज्येष्ठ बंधूने दिलं, असं त्याचं म्हणणं होतं. पहिल्या आवृत्तीची अर्पणपत्रिका मात्र स्टायनरच्या नावाने होती, नंतर ती काढली गेली. माझं सगळं उचललं, अशी स्टायनरची तक्रार होती. हा वाद आजही दोन्हीकडचे लोक चवीने घालतात. आपण त्यात पडायचं कारण नाही, पण दोघांचे आराखडे इतके सारखे का दिसतात, हे त्यावरून कळतं.

आणि त्यात आपले शब्द का दिसतात, तेही इथेच सांगून टाकतो. थिऑसॉफिकल सोसायटीचे संस्थापक मादाम ब्लॅव्हॅट्स्की आणि कर्नल ऑल्कॉट फेब्रुवारी १८७९ मध्ये मुंबईला उतरले. त्यांचं 'द थिऑसॉफिस्ट' मासिक त्याच वर्षी ऑक्टोबरपासून मुंबईतूनच निघायला लागलं. १८८२ च्या अखेरीस मुक्काम मद्रासजवळ अड्यारला हलला. कर्म, पुनर्जन्म, मन्वंतर, सूक्ष्म देह हे शब्द त्या मंडळींनी इथून उचलले, युरोप-अमेरिकेत नेले, आणि हाइंडेल-स्टायनरांनी ते तिथल्या ख्रिस्ती घरात नव्याने मांडले. माहेरचं पातेलं सासरी पाहिल्यावर ओळख पटते, पण त्यात काय शिजतंय ते झाकण उघडल्याशिवाय कळत नाही.

नावांचा एक घोळ आधीच मिटवा. हाइंडेलची रोझिक्रुशियन फेलोशिप कॅलिफोर्नियातल्या ओशनसाइडला आहे. तिथल्या 'माउंट एक्लेसिया'ची पायाभरणी २८ ऑक्टोबर १९११ ला झाली. त्याच कॅलिफोर्नियात सॅन होजेला 'अमॉर्क' नावाची दुसरी रोझिक्रुशियन संस्था आहे. ती १९१५ ची, तिची शिकवण वेगळी, अभ्यासक्रम वेगळा. इंटरनेटवर शोधताना या दोघी हमखास एकमेकींच्या अंगावर पडतात.

पायरी दुसरी : बायबल जवळ ठेवा, आणि मराठीतलंच

हाइंडेलचा ग्रंथ बायबल वाचलेल्या माणसासाठी लिहिलेला आहे. तो अर्धं वचन देतो आणि पुढे जातो. आपण शाळेत नाताळची गोष्ट ऐकलेली असते, तेवढ्यावर भागत नाही. निदान एवढं वाचून घ्या : उत्पत्तीचे पहिले तीन अध्याय, योहानाचं शुभवर्तमान संपूर्ण, मत्तयाचे पाच ते सात अध्याय, आणि पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्राचा पंधरावा अध्याय. दोन रविवारचं काम आहे.

वाचताना काही जागांवर पेन्सिलीने खूण करा, कारण ही परंपरा वारंवार तिथे परत येते. मत्तय ११:१४, जिथे बाप्तिस्मा करणारा योहान हाच येणारा एलिया, म्हणजे जुना संदेष्टा, असं येशू म्हणतो. (एलियाच पुन्हा जन्मला, असं ही मंडळी ते वाचतात.) योहान ९:२, जिथे शिष्य जन्मांध माणसाबद्दल विचारतात की पाप कोणाचं, याचं की आईबापांचं. (जन्मांधाचं पाप, तेही जन्माआधीचं? शिष्यांच्या डोक्यात काय असेल, असा या मंडळींचा प्रश्न.) थेस्सलनीकाकरांस पहिलं पत्र ५:२३, जिथे आत्मा, जीव आणि शरीर अशी तिहेरी विभागणी येते. मार्क ४:११, जिथे येशू आतल्या वर्तुळाला रहस्य आणि बाहेरच्यांना दाखले देतो.

याच बैठकीत इब्री लोकांस पत्राचं ९:२७ सुद्धा वाचा : माणसाला एकदाच मरायचं आहे आणि त्यानंतर न्याय. चर्चने पुनर्जन्म कधीच मान्य केला नाही, कॅथलिकांनी नाही आणि प्रोटेस्टंटांनीही नाही. वसईत किंवा नगरकडे तुमचे ख्रिस्ती मित्र असतील, तर 'तुमच्यातही पुनर्जन्म आहे म्हणे' अशी सुरुवात करू नका. त्यांच्या श्रद्धेत तो नाही, आणि ते चुकीचं काही वाचत नाहीत.

एक वदंता मात्र इथेच खोडून काढतो, कारण प्रत्येक नवखा तिच्यात अडकतो. '५५३ साली कॉन्स्टँटिनोपलच्या चर्च-परिषदेने बायबलमधून पुनर्जन्म काढून टाकला.' असं काही झालेलं नाही. त्या काळात वाद पेटला होता तो ओरिजेनच्या नावावर असलेल्या मतांवर, विशेषतः जीव शरीराच्या आधीपासून असतो या मतावर. खुद्द ओरिजेनने मत्तयावरच्या भाष्यात एका देहातून दुसऱ्या देहात जाण्याची कल्पना नाकारली आहे. शिवाय चौथ्या शतकातली बायबलची हस्तलिखितं आज उपलब्ध आहेत. दोनशे वर्षांनंतर भरलेल्या परिषदेने त्यांच्यातलं काही खोडणं शक्यच नव्हतं.

पायरी तिसरी : ग्रंथ पहिल्या पानापासून वाचू नका

'कॉस्मो-कन्सेप्शन' केव्हाच स्वामित्वहक्काबाहेर गेलं आहे, त्यामुळे इंग्रजी मजकूर इंटरनेटवर फुकट मिळतो. मी इंग्रजीतूनच वाचला. एकोणीस प्रकरणं, तीन भाग. सरळ वाचायला गेलात तर पाचव्या-सहाव्या प्रकरणात काळ, फेऱ्या, गोल आणि रात्री यांच्या गर्दीत बहुतेकांचं पुस्तक मिटतं. माझं दोनदा मिटलं.

माझा सल्ला असा : आधी चौथं प्रकरण, पुनर्जन्म आणि परिणामाच्या नियमाचं. ते सोपं आहे. मग थेट पंधरावं, ख्रिस्त आणि त्याचं कार्य. मग मागे येऊन पहिलं, दुसरं, तिसरं. आता तुम्हाला माहीत असतं की गोष्ट कुठे पोचणार आहे, त्यामुळे पाच ते चौदा या मधल्या चढणीत दम लागला तरी माणूस परत फिरत नाही. अठरावं प्रकरण पृथ्वीच्या पोटातल्या थरांवर आणि ज्वालामुखींवर आहे. ते सोडलंत तरी काही बिघडत नाही.

वही कराच, पण माझ्यासारखी नको. रेघ मारायचीच असेल तर डावीकडे 'ग्रंथ काय म्हणतो' आणि उजवीकडे 'मला काय कळलं नाही'. आपले प्रतिशब्द वर्षभर बंद.

पायरी चौथी : सात जगं एकाच जागी

हाइंडेल सात जगं सांगतो. वरून खाली : देवाचं जग, कुमार (म्हणजे अजून प्रवासाला न निघालेल्या) आत्म्यांचं जग, दैवी आत्म्याचं, जीवन-आत्म्याचं, विचारजग, वासनाजग, आणि भौतिक जग. आकृतीत ती एकावर एक काढलेली असतात आणि वाचकाला वाटतं, इमारत आहे, लिफ्टने वर जायचं. तो स्वतः स्पंजाचं उदाहरण देतो : स्पंजात वाळू, वाळूत पाणी. आपल्या स्वयंपाकघरात त्याहून चांगलं आहे. रस-घावन आठवा. जाळीदार घावन, त्याच्या छिद्राछिद्रांत मुरलेला नारळाचा रस, आणि त्या रसात विरघळलेला गूळ. बोट ठेवाल तिथे तिन्ही आहेत. गूळ 'वर' नाही आणि घावन 'खाली' नाही. गूळ फक्त जास्त सूक्ष्म आहे. वासनाजग आणि विचारजग या खोलीत, या खुर्चीतसुद्धा आहे, एवढाच त्याचा मुद्दा.

भौतिक जगाचे तो दोन भाग करतो. एक घन-द्रव-वायूंचा, दुसरा ईथरचा, म्हणजे वायूहूनही सूक्ष्म द्रव्याचा. ईथर चार प्रकारचे : पोषण आणि उत्सर्जनाचा, प्रजननाचा, इंद्रियज्ञानाचा, आणि स्मृतीचा. पदार्थविज्ञानातल्या ईथरशी याची गल्लत नको. तो ईथर प्रयोगशाळेत कधी सापडला नाही आणि भौतिकशास्त्राने कधीच सोडून दिला. १९०९ साली तो शब्द विज्ञानातही वावरत होता, म्हणून हाइंडेलने घेतला.

पायरी पाचवी : आठवडा शनिवारी सुरू करा

इथे मराठी वाचकाला आयतं घबाड मिळतं.

या शिकवणीप्रमाणे आपली पृथ्वी एकदाच जन्मलेली नाही. तिचे आधी तीन अवतार झाले, हा चौथा, आणि पुढे तीन व्हायचे आहेत. त्यांची नावं अशी : शनि-काळ, सूर्य-काळ, चंद्र-काळ, पृथ्वी-काळ, गुरू-काळ, शुक्र-काळ, व्हल्कन-काळ. यातल्या पृथ्वी-काळाचे दोन भाग, पहिला मंगळाचा आणि दुसरा बुधाचा. आता बोटांवर मोजा : शनिवार, रविवार, सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार. वारांची नावं याच क्रमावरून पडली, असं हाइंडेल म्हणतो. ते खरं असो नसो, इंग्रजी वाचकाला मंगळ आणि बुध शोधायला त्यांच्या जुन्या देवांच्या नावांतून वाट काढावी लागते. आपल्याला दारावरच्या कॅलेंडरमध्ये सगळं छापून मिळतं. व्हल्कनला वार नाही. आठवडा संपल्यावरचा तो काळ आहे.

एक धोक्याची सूचना. शनि-काळाचा आकाशातल्या शनी ग्रहाशी संबंध जोडू नका, साडेसातीशी तर नाहीच. ही पृथ्वीच्याच जुन्या-नव्या जन्मांची नावं आहेत.

आता एकेक वार घेऊ. शनि-काळात सगळीकडे अंधार आणि ऊब. आपण तेव्हा खनिजासारखे होतो, जाणीव म्हणजे गाढ मूर्च्छा. पण स्थूल देहाचं बीज तेव्हाच पडलं. म्हणजे आज ज्याला आपण सगळ्यात हलकं समजतो, तो हाडामांसाचा देह आपला सगळ्यात जुना आणि सगळ्यात तयार झालेला भाग. सूर्य-काळात ती ऊब प्रकाशली. आपण वनस्पतीसारखे झालो, जाणीव स्वप्नरहित झोपेची, आणि प्राणदेहाचं बीज आलं. चंद्र-काळात ओल आली. प्राण्यासारखी स्वप्नमय, चित्रांची जाणीव आली आणि वासनादेह मिळाला. पृथ्वी-काळात घनता आली, जागेपणा आला, आणि मन मिळालं. मन सगळ्यात धाकटं. म्हणूनच ते इतकं चंचल, असं हाइंडेल सांगतो. हे वाचल्यावर मला माझ्या मनाचा राग येणं थोडं कमी झालं. धाकट्याकडून अपेक्षा तरी किती ठेवायची!

या रचनेतला सगळ्यात सुंदर भाग मला शाळेचा वाटतो. प्रत्येक काळात कुणीतरी 'माणूस' या इयत्तेत असतंच. शनि-काळात जे त्या इयत्तेत होते, ते आज मनाचे स्वामी. सूर्य-काळातले आज मुख्य देवदूत, चंद्र-काळातले आज देवदूत. आणि आज आपल्या मागे प्राणी, वनस्पती, खनिजं खालच्या वर्गांत बसली आहेत. त्यांनाही पुढे माणसाच्या इयत्तेसारखी पायरी आहे, आणि तेव्हा आपण त्यांचे शिक्षक असू. शाळा म्हटली की मागे राहणारेही आले. ल्युसिफरचे (ख्रिस्ती परंपरेतल्या पतित देवदूताचे) आत्मे म्हणजे देवदूतांच्या वर्गात मागे पडलेले. ते धड देवदूत नाहीत आणि धड माणूसही नाहीत. बायबलातला सर्प या ग्रंथात असा येतो : उपाशी, अडकलेला, आणि स्वतःच्या गरजेपोटी माणसाला जागं करणारा.

फेऱ्या, गोल, वैश्विक रात्री हे सगळं पहिल्या वाचनात सोडून द्या. आठवडा पाठ झाला की पुरे.

पायरी सहावी : "मग ख्रिस्त कशाला लागतो?"

मला तेव्हा न आलेलं उत्तर असं आहे.

पहिल्या साडेतीन दिवसांत, म्हणजे शनि-काळापासून पृथ्वी-काळाच्या अर्ध्यापर्यंत, आत्मा आत-आत, अधिकाधिक जड आवरणांत उतरत गेला. त्या उतरणीत माणसांना टोळ्या, वंश, देश यांच्या आत्म्यांनी सांभाळलं. त्यांच्यावर यहोवा, बायबलच्या जुन्या करारातला देव; हाइंडेलच्या मते तो चंद्र-काळातला सर्वोच्च दीक्षित, म्हणजे दीक्षेच्या पायऱ्या चढून सगळ्यात वर पोचलेला. त्याचं साधन नियम : हे कर, हे करू नको, केलंस तर शिक्षा. नियमाने माणूस शिस्तीत आला, पण 'आपले' आणि 'परके' ही भिंतही त्यानेच घातली. उतरण संपल्यावर परत चढायला नियम पुरेना, कारण चढायचं तर भिंती ओलांडाव्या लागतात.

ख्रिस्त हा सूर्य-काळातला सर्वोच्च दीक्षित, म्हणजे मुख्य देवदूतांच्या ओळीतला. मुख्य देवदूतांना वासनादेहाच्या खालचं काही बांधता येत नाही. त्यांनी प्राणदेह आणि स्थूल देह कधी वापरलेच नाहीत. मग ख्रिस्त भौतिक जगात यायचा कसा? इथे येशू येतो. हाइंडेलच्या मते येशू आणि ख्रिस्त हे दोघे. येशू हा अनेक जन्मांत शुद्ध होत आलेला माणूस. यार्देन नदीत बाप्तिस्मा झाला त्या क्षणी, तिसाव्या वर्षी, त्याने आपला स्थूल देह आणि प्राणदेह ख्रिस्ताला दिला. त्यामुळे देवाच्या जगापासून हाडामांसापर्यंत अखंड साखळी असलेला ख्रिस्त हा एकमेव झाला. आणि क्रुसावर दिलं त्या गुलगुथा टेकडीवर रक्त वाहिलं तेव्हा ख्रिस्त त्या वाटेने पृथ्वीतच शिरला, तिचा अंतरात्मा झाला. त्या वेळी यरुशलेमच्या मंदिराचा पडदा फाटला असं बायबल सांगतं, त्याचा अर्थ ही मंडळी असा लावतात : तोवर दीक्षेचा मार्ग निवडक लोकांना होता, आता ज्याला यायचं असेल त्याला उघडा झाला. दर नाताळला ख्रिस्ताचा प्रकाश नव्याने पृथ्वीत उतरतो आणि ईस्टरला मोकळा होतो, हेही त्याच शिकवणीत आहे.

आता माझ्या जुन्या वहीत हे का बसलं नसतं ते पाहा. यात एकदाच घडणारी, तारखेची घटना आहे. तिच्या आधीचं विश्व वेगळं आणि नंतरचं वेगळं. युगायुगाला परत येणारा अवतार इथे नाही. दुसरं, माणूस पुन्हा प्राण्याच्या जन्माला जात नाही. इयत्ता फार तर चुकते, शाळेतून कुणी पाळण्यात परत जात नाही. दोन जन्मांत साधारण हजार वर्षांचं अंतर, आणि बहुधा आलटून पालटून पुरुष आणि स्त्रीचा देह. तिसरं, शेवटी विलीन व्हायचं नाही. कुमार आत्म्याला सुरुवातीला सर्वज्ञता होती, पण 'मी' नव्हता. एवढा लांबचा प्रवास करून त्याला तो 'मी' आणि निर्मितीची शक्ती घेऊन परत जायचं आहे. थेंबाने सागरात विरघळायचं, हे चित्र मनात ठेवून वाचलंत तर प्रत्येक प्रकरण उलटं वाचलं जाईल.

स्टायनरकडे येशूबद्दलची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. तो दोन येशू-बालकं सांगतो. म्हणून म्हटलं, एका वेळी एकच.

पायरी सातवी : खटकेल तिथे थांबा, आणि खटकू द्या

या ग्रंथात काही गोष्टी आज चुकीच्या ठरल्या आहेत. भक्तिभावाने वाचताना त्यावर पांघरूण घालायची सवय लागते. लावून घेऊ नका.

लेमुरिया घ्या. मादागास्कर आणि भारत दोन्हीकडे लेमूरवर्गीय (माकडांच्या जातकुळीतल्या) प्राण्यांच्या खुणा कशा, याचं कोडं सोडवायला १८६४ साली फिलिप स्क्लेटर या प्राणिशास्त्रज्ञाने मध्ये बुडालेला भूखंड कल्पिला आणि त्याला लेमुरिया म्हटलं. ब्लॅव्हॅट्स्कीने तो उचलला, तिथून तो हाइंडेलकडे आला. पुढे भूखंड सरकतात हे सिद्ध झालं आणि बुडालेल्या भूखंडाची गरजच संपली. लेमुरियन युगाचा भाग वाचताना हे लक्षात असू द्या. वानर हे माणसातून घसरलेले, मागे पडलेले, असंही तो लिहितो. जीवशास्त्राचा पुरावा तसं सांगत नाही.

वंशांबद्दलची पानं त्याहून वाईट आहेत. 'आर्य युग', पुढारलेले वंश, मागासलेले वंश अशी उतरंड त्यात उघड आहे, तशीच ती ब्लॅव्हॅट्स्कीत आहे आणि स्टायनरमध्येही. 'त्या काळात सगळेच तसं बोलायचे' एवढं म्हणून पान उलटायला मी तयार नाही. विशेषतः उतरंडीचं भलं-बुरं घरबसल्या ठाऊक असलेल्या समाजात वाढल्यावर तर नाहीच. ज्या ग्रंथाचं सगळं म्हणणं 'भिंती मोडायला तो आला' असं आहे, त्याच ग्रंथात या भिंती उभ्या आहेत. माझ्या वहीत या पानांसमोर लाल रेघ आहे.

मृत्यूनंतरच्या भागातली एक गोष्ट व्यवहारातही आडवी येते. मेल्यावर साडेतीन दिवस सगळा जन्म चित्रपटासारखा उलटा डोळ्यांसमोरून जातो, आणि तोवर देहाला हात लावू नये, दहन करू नये, असं तो सांगतो. आपल्याकडे सूर्य मावळायच्या आत उचलायची घाई. घरच्या माणसांच्या दुःखात हा वाद घालायला जाऊ नका.

पायरी आठवी : झोपण्यापूर्वीची उलटी उजळणी

वाचन कितीही केलंत तरी या शिकवणीत त्याला निम्मंच मोल आहे. उरलेलं या एका साध्या सरावात आहे. स्टायनरकडेही तो आहे आणि ग्रीसमधल्या पायथागोरसच्या अनुयायांकडेही त्याच्यासारखा होता, त्यामुळे ख्रिस्ती नसलात, काही मानत नसलात तरी करून पाहायला हरकत नाही.

अंथरुणावर पडा, अंग सैल सोडा, आणि दिवस उलटा पाहा. संध्याकाळपासून सकाळकडे. माझा कालचा दिवस असा गेला : दिवा मालवला. त्याआधी ओटा पुसला. त्याआधी जेवताना मुलीशी बोललोच नाही, फोन पाहत होतो. त्याआधी दारात चपला काढताना मी चिडलेलो होतो. का? त्याआधी स्टेशनवरून येताना रिक्षावाल्याशी सुट्ट्या दहा रुपयांवरून वाद. त्याआधी लोकलमध्ये उभं राहून आलो. त्याआधी, साडेपाचला, ऑफिसात एका माणसाने सगळ्यांसमोर माझी चूक दाखवली. चूक माझीच होती.

उलटं का पाहायचं ते इथे दिसलं का? सरळ क्रमाने पाहिलं असतं तर मी गोष्ट रचली असती : त्याने अपमान केला, म्हणून माझा मूड गेला, म्हणून रिक्षावाला, म्हणून मुलगी. प्रत्येक 'म्हणून'मध्ये माझी सुटका. उलटं पाहताना आधी दिसतं मुलीचं गप्प ताट, आणि कारणं मागून येतात. सबब तयार व्हायच्या आधीच परिणाम समोर उभा असतो. हाइंडेलच्या मते मृत्यूनंतरची शुद्धीही याच उलट्या क्रमाने होते, आणि जो रोज रात्री हे करतो त्याचा तिथला हिशेब इथेच मिटत जातो.

नुसतं आठवणं पुरत नाही. दुखवलं असेल तिथे ते आपल्याला दुखायला हवं, आणि जिथे बरं वागलो तिथे बरं वाटायलाही हवं. हा दुसरा भाग लोक विसरतात आणि रोज रात्री स्वतःला झोडपत बसतात.

सकाळी जागे झाल्याबरोबर, अंग हलवायच्या आधी, पाच मिनिटं एका गोष्टीवर मन टेकवायचं. योहानाच्या शुभवर्तमानातली पहिली पाच वचनं त्याला चांगली. पहिल्या आठवड्यात मन कोपऱ्यावरच्या दूधवाल्याकडे जाईल. धाकटं आहे.

पत्र लिहायचंच असेल तर

फेलोशिपचा पत्रद्वारा अभ्यासक्रम आहे. आधी बारा धड्यांचा प्राथमिक, मग पुढचा. शिकवणीसाठी फी घ्यायची नाही, हा हाइंडेलचाच दंडक. खर्च चालतो तो लोकांच्या ऐच्छिक देणगीवर. त्यामुळे यांच्या नावाने कुणी 'दीक्षा' देतो म्हणून ठरावीक रक्कम मागितली, तर तो माणूस त्या परंपरेतला नाही, एवढं नक्की समजा. दारू, तंबाखू, मांस सोडण्याचा आग्रह सुरुवातीला नसतो, पुढच्या पायऱ्यांवर असतो. पोथीप्रमाणे एक अट मात्र आपल्याकडे गंमत करते : पैसे घेऊन ज्योतिष किंवा हस्तसामुद्रिक सांगणारे, व्यावसायिक माध्यमं आणि संमोहन करणारे यांना प्रवेश नाही. ज्योतिष ते शिकवतात, आवडीने शिकवतात, पण विकायचं नाही. आमच्या नात्यातल्या एका काकांनी हे ऐकलं आणि विचारलं, "दक्षिणा चालते का?"

उजळणी करता करता झोप लागली तर काय, हा मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. लागू द्या. मी पहिले तीन महिने दुपारच्या चहाच्या पलीकडे कधी पोचलो नाही. सकाळ अजूनही क्वचितच गाठतो.